पालथे पेले

भाकरी थापायचा आवाज बाईगणिक वेगळा असतो, असं मी म्हटलं की माझी सून हसते. तिच्या घरी पोळ्यांना बाई येते आणि भाकरी झालीच तर महिन्यातून एकदा, तीही लाटून. तिचं काही चुकत नाही. एकाच बाईचा हात ऐकायची सवय असेल तर दुसरीचा वेगळा कसा कळणार? आमच्या वस्तीवर मी संध्याकाळी ओट्यावर डोळे मिटून बसायची आणि चुलीच्या छपरातून येणाऱ्या नुसत्या आवाजावरून सांगायची, आता कोण थापतंय. हौसाकाकीचा हात जड आणि एकसारखा, मोटेच्या बैलासारखा. माझ्या आईचा हात घाईचा, आणि भाकरी तव्यावर टाकायच्या आधी शेवटी दोन चापट्या जास्तीच्या. यमुनावहिनी नवी होती, तिचा आवाज मधेच थांबायचा, कारण कडेला चीर गेली का ते ती वाकून बघायची. मी कधी चुकले नाही. चुकले असेन तर ते आता सांगायला कुणी उरलेलं नाही, म्हणून ठोकून देते.

तळेगाव ढमढेऱ्याच्या अलीकडे ओढ्याकाठी आमची सात घरं होती. मूळ गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते, त्यामुळं त्या गावाबद्दल मला काही आठवत नाही आणि ऐकीव गोष्टींवर मी डोळ्यांत पाणी आणणार नाही. सरकारनं इथं जमिनी दिल्या, प्रत्येकाला वेगळा तुकडा. पण या सात घरांनी आपापल्या तुकड्यावर न बांधता मधे अंगण ठेवून भोवतीनं घरं बांधली आणि अंगणाच्या उगवतीला एकच चुलीचं छप्पर घातलं. पहिल्या वर्षी भांडी पुरेनात, सरपण पुरेना, म्हणून एक चूल. पुढं भांडी आली, सरपणही आलं, पण चूल एकच राहिली. सकाळचं ज्याचं त्याच्या घरी, संध्याकाळचं सगळ्यांचं एकत्र, अशी ती रीत होती. तळेगावची माणसं आम्हाला एकचुलीवाले म्हणत. त्यात थट्टा असे, पण वढूला समाधीच्या दर्शनाला पायी निघालेली माणसं संध्याकाळची त्या वाटेनं आली की त्यांना तळेगावकरच सांगत, एकचुलीवाल्यांकडं जा, तिथं दोन माणसं जास्त झालेली कळत नाहीत.

लहानमोठी मिळून अडतीस माणसं होती आम्ही. बाजरीच्या सत्तर भाकरी, कधी हुलग्याचं पिठलं, कधी वांग्याची शेंगदाण्याचं कूट घातलेली रस्सा भाजी, मेथी निघाली की आठ दिवस मेथीच. दोन काठवटींवर दोघी बसत, तिसरी भाजायला आणि चौथी जाळ सारायला. पाळ्या लागलेल्या होत्या, पण हौसाकाकीला पाळी नव्हती, ती रोज असे. तिचा नवरा लवकर गेला होता, पदरी एक मुलगा होता आणि चुलीचं सगळं तिच्या हातात होतं. कुणाला तिखट चालत नाही, कोण आज शेतावरून रुसून आलंय, कुणाच्या पोटात काल दुखत होतं, हे तिला माहीत असायचं. भांड्याला भांडं लागायचंच, तसं लागतही होतं. पण एकाच टोपल्यातली भाकरी खायची असल्यावर अबोला फार तर दोन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशी कालवण मागायला तोंड उघडावंच लागतं.

आता पेल्यांचं सांगते, कारण हे प्रकरण त्यांच्यासाठीच लिहायला घेतलंय. अमावास्येला आमच्याकडं औत धरत नसत. त्या दिवशी दुपारी सगळे कडुनिंबाखाली बसत आणि वस्तीचं जे काही ठरवायचं असेल ते ठरवत. सगळ्यांत वडील दगडूआबा. लांबोडके, शांत, बोलण्याआधी मिशीवरून हात फिरवणारे. पहिल्या वर्षी म्हणे आबा विचारत, आणि पुरुष हो म्हणत, बायका माना डोलावत. आबांसमोर डोईवरचा पदर सावरून बसलेली बाई दुसरं काय करणार? आणि मग आठ दिवस चुलीपाशी धुसफूस चाले. आबांच्या ते लक्षात आलं. ते म्हणाले, "ज्याला तोंडानं बोलायची भीड वाटती, त्याचा पेला बोलंल." तेव्हापासून रीत पडली. गुळाचा चहा सगळ्यांना आपापल्या पितळी पेल्यात द्यायचा. चहा पिऊन झाला की पेला समोर उभा ठेवायचा. बोलणं होत राही. ज्याच्या मनाला पटलं तो आपला पेला पालथा घाली. एक जरी पेला उभा राहिला तरी गोष्ट पुढच्या अमावास्येवर जाई.

आणि उभ्या पेल्याच्या माणसाला "का?" असं विचारायचं नाही, हा नियम. का विचारलं की माणूस खुंटा रोवून बसतं, असं आबांचं म्हणणं. विचारायचं ते एवढंच, "काय केलं तर पालथा व्हईल?"

विहिरीवर इंजिन बसवायची गोष्ट अशी सात अमावास्या लांबली. अठरा पेल्यांतला एकच उभा होता आणि तो माझ्या आईचा. दर अमावास्येला आबा विचारत, आई पदर ओढून गप्प. सातव्या खेपेला कुणीतरी सहज म्हणालं, इंजिन धुण्याच्या दगडाकडं न बसवता पलीकडच्या अंगाला बसवलं तर? आईचा पेला टक्कन पालथा झाला. धुण्याच्या पाण्यात तेल उतरेल, एवढंच तिचं म्हणणं होतं. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, घरी आल्यावर म्हणाले, "सात म्हैने एका घरात ऱ्हातोय आपन, मला तरी सांगायचं की."

आई म्हणाली, "तुमी इचारलंत कवा?"

तळेगावात यावर पुष्कळ हसू झालं. पालथ्या घड्यावरचं पाणी ऐकलं होतं, पालथ्या पेल्यावरची पंचायत इथंच बघितली, असं बाजारात म्हणत. पण पुढं त्यांच्याच एका विहिरीत इंजिनाचं तेल उतरलं आणि गुरं पाण्याला तोंड लावेनात, तेव्हा हसणारे जरा कमी झाले. आज मी शिरूरला मुलाच्या सोसायटीत राहते. परवा मोबाइलवर सोसायटीतल्या सगळ्यांना विचारलं, खालचा हॉल काढून तिथं गाड्या लावायच्या का. तेवीस जणांनी होय दाबलं, नऊ जणांनी नाही. दहा मिनिटांत निकाल. त्या नऊ जणांना काय केलं तर पटलं असतं, हे कुणी विचारलं नाही. मी मुलाला म्हटलं तर तो म्हणाला, "आई, अगं मेजॉरिटी झाली ना." झाली खरी.

पेला मागून मिळत नसे. पोरगा असेल तर त्यानं एकट्यानं दिवसभर औत धरलं पाहिजे, पोरगी असेल तर एका संध्याकाळच्या सगळ्या भाकरी तिनं एकटीनं थापल्या पाहिजेत. सोळाव्या वर्षी, शाळेची शेवटची परीक्षा देऊन मी घरी बसले होते तेव्हा, मी हौसाकाकीला म्हटलं, आज मी बसते. तिनं काठवट पुढं सरकवली आणि स्वतः भाजायला बसली. चाळिसाव्या भाकरीला माझे खांदे भरून आले, पन्नासाव्याला डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं की रडू येऊन ते माझं मला कळेना. सत्तरावी भाकरी अगदी नकाशासारखी झाली होती. हौसाकाकीनं ती बाजूला काढून ठेवली आणि जेवताना स्वतःच्या पानात घेतली. पुढच्या बाजारात आप्पांनी मला पेला आणला आणि कासाराकडून त्यावर नाव घालून घेतलं, कु. वत्सला. नावाखाली एक लहानशी वेल. मी तो राखेनं रोज घासायची, नाव झिजून जाईल असं आई ओरडेपर्यंत.

तो पेला घेऊन मी ज्या पहिल्या अमावास्येला बसले, त्याच दिवशी आमची चूल मोडली.

झालं होतं असं. त्याआधी पंधरा दिवस, संध्याकाळी पिठलं वाढताना वरून त्यात भुस्सा पडला. आबांनी विळ्याच्या मुठीनं आढं ठोकून बघितलं तर आतून पोकळ. वाळवीनं सगळं खाल्लं होतं. छप्पर कधीही खाली येईल म्हणून चूल तात्पुरती निंबाखाली हलवली. छप्पर नवं करायचं एवढाच खरं तर प्रश्न होता. पण त्या पंधरा दिवसांत वस्तीवर एक विचित्र हवा सुटली. जो तो दुसऱ्याची काळजी करू लागला.

मी ओढ्यावर धुणं घेऊन गेले होते तेव्हा आई आणि हौसाकाकी शेजारी शेजारी बसल्या होत्या. आई म्हणाली, "काकी, तुमची कंबर बघते मी रोज. किती वर्सं वाकून काढली तुमी. आता जरा सुटा की." आईच्या मनात त्यात माया होती, हे मला शपथेवर माहीत आहे. हौसाकाकी लुगडं पिळता पिळता थांबली. म्हणाली, "मी कुठं कुनाला धरून ठिवलंय? तुमा तरण्याताठ्यांना आपापलं बरं वाटत आसंल तर करा बाई." तीही मायेनंच बोलली. पण आई घरी येऊन आप्पांना म्हणाली, काकी थकली हो, तिला चूल नको झालीय. आणि आप्पा जाऊन आबांना म्हणाले, बायकांच्या हाताला जरा आराम पाहिजे.

त्यात यमुनावहिनीच्या स्टोव्हची भर. शंकरदादानं, तिच्या नवऱ्यानं, लग्नानंतर तिच्यासाठी शिरूरहून रॉकेलचा स्टोव्ह आणला होता. तो बिचारा वर्षभर कॉटखाली कागदात गुंडाळून पडला होता. पण आता सगळ्यांना तो दिसू लागला. पोरीला आपला संसार मांडावा वाटत असेल, आपण तिला सत्तर भाकऱ्यांना जुंपलंय, असं म्हातारी माणसं एकमेकांत बोलू लागली. यमुनावहिनीला कुणी विचारलं नाही. मला विचाराल तर मीही नाही विचारलं, आणि मी तिची मैत्रीण म्हणवत होते.

अमावास्येला ऊन चांगलं होतं. निंबाच्या सावलीत एकोणीस माणसं बसली, एकोणिसावी मी. लुगडं पहिल्यांदाच नेसले होते आणि ते सुटेल या भीतीनं मांडी घट्ट घालून बसले होते. चहा झाला. पेले समोर उभे राहिले. आबांनी मिशीवरून हात फिरवला. नेहमी ते विचारत, अमुक नवं करायचं का. त्या दिवशी त्यांनी उलटं मांडलं.

"छप्पर नवं करायचं म्हंजी समद्यांना परत बांधून घेनं झालं," आबा म्हणाले. "कुनाच्या मनावर वझं नको. म्हनून मी आसं म्हनतो, इथनं फुडं ज्याची त्याची चूल ज्याच्या त्याच्या घरात. ज्याला ह्ये पटत न्हाई त्यानं पेला उभा ठिवा. एकबी उभा ऱ्हायला तर आपन नवं छप्पर घालू."

त्यांनी हे माणसांना मोकळं करायला म्हटलं. कुणाला चूल नको असेल तर तसं म्हणायची लाज वाटू नये, म्हणून नकोचीच बाजू त्यांनी आधी धरली. एवढा सभ्यपणा आमच्या वस्तीवरच होऊ शकतो. दुसरीकडं कुठं असतं तर दोघं उठून भांडले असते आणि चूल वाचली असती.

पहिला पेला माझ्या आईनं पालथा घातला. हौसाकाकीकडं बघत घातला. हौसाकाकीनं तिच्याकडं न बघता आपला घातला. आप्पांनी आईचा बघून घातला. शंकरदादानं यमुनावहिनीकडं बघितलं, ती खाली बघत होती, दोघांचे एकदमच झाले. मग बाकीचे. पितळ मातीवर टेकायचा आवाज काही मोठा नसतो. शेवटी आबांनी आपला घातला आणि वर बघितलं.

एकोणिसांत एकच पेला उभा होता. त्यावर वेल होती.

मला चूल हवी होती. हे मला तेव्हाही स्वच्छ माहीत होतं, आजच्या शहाणपणातून लिहीत नाही. अडतीस माणसांच्या गलक्यात मी वाढले होते आणि चार माणसांचं जेवण म्हणजे काय याची मला कल्पनाही करवत नव्हती. मी पेला उभा ठेवला होता आणि मला वाटत होतं, आता आबा विचारतील, वच्छे, काय केलं तर पालथा व्हईल? माझं उत्तर तयार होतं. मी म्हणणार होते, चूल राहू द्या, काकीच्या जागी रोज मी बसते.

पण कुणी विचारेना. सगळे माझ्या पेल्याकडं बघत होते. मी पोरगी, पहिलाच दिवस. कुणाला वाटलं असेल चुकून राहिला, कुणाला वाटलं असेल हिला अजून रीत उमगली नाही. हौसाकाकीचा एक हात कमरेवर होता. आई पदरानं मान पुसत होती. मला वाटलं, या सगळ्या जणी थकल्यात आणि मी, जिनं आयुष्यात एकदाच सत्तर भाकरी थापल्या, ती त्यांना पुन्हा चुलीपुढं बसवायला निघालीय. कानाच्या पाळ्या तापल्या. मी पेला पालथा घातला. त्यात घोटभर चहा उरला होता तो मातीत पसरला आणि माझ्या नव्या लुगड्याला लागला.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "समद्यांचं एक झालं." आणि उठले.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसले होते. सात घरांतून धूर निघाला आणि सात घरांतून भाकरी थापायचे आवाज एकदम आले. एकात एक मिसळले, आणि मला कुणाचा कुठला ते ओळखू येईना. आईनं पंधरा भाकरी केल्या. आम्ही चौघंच होतो, पण तिच्या हाताला कमी पीठ घेता येईना. उरलेल्या घेऊन ती हौसाकाकीकडं गेली, तर हौसाकाकी तिच्या उरलेल्या घेऊन आमच्याकडं यायला निघाली होती. दोघी अंगणाच्या मधोमध आपापली भाकऱ्यांची टोपली हातात धरून हसल्या. पहिले काही महिने अशा वाट्या-टोपल्या अंगणातून फिरत होत्या. मग अंदाज बसत गेले. भाकऱ्या उरेनाशा झाल्या.

भांडण कुणाचं झालं नाही. झालं असतं तर आज मला बरं वाटलं असतं, कारण मग कुणावर तरी रागावता आलं असतं. अमावास्येला वर्षभर बसत होतो, मग ठरवायला काही उरलं नाही. इंजिनाची दुरुस्ती ज्याची पाण्याची पाळी असेल त्यानं, बांध ज्याचा त्यानं. कुणाच्या पोटात दुखतंय हे डॉक्टर येऊन गेल्यावर कळू लागलं. दोन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी दौंड तालुक्यात भांडगावला आले. घर हायवेला लागून, रात्रंदिवस ट्रकांची घरघर, आणि सासूबाई अशा की मीठ किती घालायचं ते त्या उंबऱ्यातून सांगत. माणसं वाईट नव्हती. पण तिथं कुणाच्या हातात पेला नव्हता. मी एकटी भाकरी थापायची तेव्हा माझा आवाज मलाच मोठा वाटे.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं, आणि ते सगळं कळायला निम्मं आयुष्य गेलं. आई बाळंतपणाला माझ्याकडं आली होती. न्हाणीघरात माझ्या पाठीवर पाणी घालताना म्हणाली, "मला कुठं मोडायची व्हती चूल? काकीसाठी म्हनलं मी." मी अंगावरचं पाणी तसंच राहू देऊन तिच्याकडं वळून बघितलं. आप्पांना विचारलं तर ते म्हणाले, तुझ्या आईचा पालथा झाल्यावर मी कोण? यमुनावहिनी एका लग्नात भेटली, केस पांढरे झाले होते. तिनं मांडवातल्या खुर्चीवर बसून हसत सांगितलं, "मी त्या येवढ्या मानसांत जेवायला मिळतं म्हनून खूश व्हते गं. माहेरी आमी तिघंच. पन मी नवी, माझ्या पेल्यानं समद्यांचं का आडवावं?" स्टोव्ह म्हणे तिनं पेटवलाच नाही, तिला त्याची भीती वाटायची.

आणि आबा. आबा गेल्यावर वर्षश्राद्धाला मी वस्तीवर गेले होते. त्यांचा मुलगा मला बांधावर घेऊन गेला. तिथं एक सरळ, जुनी बाभूळ होती आणि तिच्या बुंध्याला कमरेएवढ्या उंचीवर चुन्याचा पट्टा ओढलेला होता. पावसानं पुसट झालेला, पण दरवर्षी कुणीतरी पुन्हा ओढल्यासारखा. मुलगा म्हणाला, "त्या अमुशेच्या आदल्या दिशी आबांनी ही निवडली व्हती. नव्या छपराचं आढं म्हनून. नंतर कुनाला तोडू दिली न्हाई." मी त्या झाडाला हात लावून उभी राहिले. आबांना चूल हवी होती. एकोणिसांपैकी जेवढ्यांचं मला कळलं, त्यांतल्या एकालाही ती मोडायची नव्हती, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, एकमतानं, ती मोडली. लोक विचारतात, माहेरची आठवण येते का. येते. पण घराची नाही येत, त्या टोपल्याची येते, ज्यात कुणाचाही हात कुठूनही शिरायचा.

एवढं सगळं कळूनही हौसाकाकीला मी कधी विचारलं नव्हतं. तिला विचारायचं धैर्य नव्हतं. एक तीच खरोखर थकली असेल, तर निदान एका माणसासाठी तरी ते बरं झालं, एवढा आधार मी धरून ठेवला होता. गेल्या हिवाळ्यात कळलं की ती अंथरुणाला लागलीय. नव्वदी कधीच ओलांडली होती तिनं. माझा मुलगा मला शिरूरहून गाडीनं घेऊन गेला.

वस्तीवर आता स्लॅबची घरं आहेत आणि घरांमधे भिंती. चुलीच्या जागी हौसाकाकीच्या नातवाचा टेम्पो उभा असतो. काकी ओसरीवर कॉटवर पडली होती, डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून मी पुढं गेले तरी तिला कळलं नाही. नातसून चांगली पोरगी आहे. हळूच म्हणाली, "आत्या, चार दिस झाले, जेवतच न्हाईत. भाकरी नीट न्हाई म्हनत्यात. आता मी गॅसवर करते तशी करते." मी म्हटलं, पीठ दे. तिच्या स्वैपाकघरात उभ्यानं थापायची पाळी आली, गुडघे आधीच दुखणारे, पण थापली. दुसरी तव्यावर टाकत होते तेव्हा ओसरीवरून आवाज आला, "कोन थापतंय? वच्छी हाय का?"

मी पिठाच्या हातानंच तिथून ओ दिली.

"तुझ्या आईवानी करतीस," काकी म्हणाली. "दोन चापट्या जास्तीच्या."

तिसरी झाल्यावर मी ताट आणि तिच्या पेल्यात चहा घेऊन तिच्याजवळ बसले. पेला तोच, नाव निम्मं झिजलेलं. चहात बुडवून तिनं चतकोर भाकरी खाल्ली. नातसून दारात उभी राहून बघत होती. मग काकी आपणहून म्हणाली, "त्या दिशी तुझा पेला उभा व्हता."

"होय, काकी."

"मी बघत व्हते. म्हनलं आता पोरीला आबा इचारत्याल. न्हाईतर तुझी आई इचारंल. मी इचारावं तर म्हनतील, काकीलाच चूल सोडवत न्हाई." ती जरा थांबली, दम लागला होता. "माझा हात पेल्यापाशीच व्हता. कुनीबी तुला इचारलं आसतं, तर मी माझा परत उभा केला आसता."

"तुमची कंबर, काकी," मी म्हटलं. "तुम्ही थकला होतात ना?"

"कंबर आजूनबी दुखती. चूल ऱ्हायली का?" तिनं तोंड फिरवलं. "भीड भिकेची बहीन, म्हनत्यात त्ये खोटं न्हाई."

शेवटचा आधारही गेला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, एक तर तिला दिसत नव्हतं आणि दुसरं म्हणजे आता लपवून काय करायचं. काकीनं उरलेला चहा पिऊन पेला कॉटवर आपल्या शेजारी ठेवला. उभा. नातसून तो उचलायला पुढं आली, तर काकीनं त्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

नातसून गोंधळून माझ्याकडं बघू लागली. मला मात्र कळलं. जे मला त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं, ते मी डोळे पुसून तिला विचारलं, "काकी, काय केलं तर पालथा होईल?"

तिनं पुष्कळ वेळ घेतला. आमच्याकडं तेवढा वेळ देत असत.

"भाकऱ्या किती केल्यास?" तिनं विचारलं.

"तीन."

"सत्तर कर," ती म्हणाली.